भाकरीवरचे शब्द

पामूर परत आला तेव्हा तागोशे भट्टीत भाकरी लावत होती, म्हणून ती उठली नाही. एक भाकर अर्धीच चिकटली होती. ती तिने नीट दाबून बसवली, हात फडक्याला पुसले आणि मग दाराकडे पाहिले. उंटवाल्याने त्याला काखेत हात घालून उभे धरले होते.

"हा तुमचाच ना?" उंटवाल्याने विचारले. "नदीपासून इथवर खाल्लं असेल नसेल. कुणी तुकडा दिला की त्या तुकड्याशीच काहीतरी पुटपुटायचा. आमची माणसं चिडली. म्हणाली, आमच्या भाकरीला शिव्या देतोय. मग देईनासे झाले. मेला असता तर वाटेत पुरला असता."

"आमचाच आहे," मी म्हणालो.

"मग धरा. मला पुढे जायचंय."

मी धरले. त्याला वजन असे नव्हतेच. तागोशे पुढे आली आणि हात लांब केला, तसा तो माझ्या अंगावर रेलून मागे सरकला. घाईने नाही. उन्हातून सावलीत सरकावे तसा. तिने हात खाली घेतला आणि म्हणाली, "चटई घालते."

तागोशे माझी धाकटी बहीण. तिचा नवरा वारल्यापासून मी तिच्याच घरात राहतो. माझे लग्न झाले नाही. वाळवंटातल्या या गावच्या चर्चमध्ये मी वाचक आहे, म्हणजे उपासनेत पाठ वाचतो, आणि भाकर अर्पण करणाऱ्यांची नावे वाचतो. माझा आवाज लहान आहे. मागच्या ओळीतल्या बायका म्हणतात, हात्रेदादा स्वतःलाच वाचून दाखवतो. ते खरे असावे.

पामूर तिचा मुलगा. तो अंगणातल्या मागावर बसायचा आणि चांगले कापड विणायचा. त्याच्या पाठीवर एक मुलगी होती, लोलू. तिच्या पोटात गाठ झाली. ती किती दिवस आजारी होती ते सांगत बसत नाही. शेवटी तिचा आवाज गेला होता आणि तोंड मात्र उघडे असायचे. तिला तागाच्या कापडात गुंडाळून पूर्वेकडे तोंड करून पुरले. कापड पामूरनेच विणले होते. त्यानंतर काही महिन्यांनी गावात एक गुरुजी आले. ते बाबिलोनकडच्या मानी नावाच्या गुरूच्या पंथाचे होते. त्या पंथाची दोन घरे तेव्हा आमच्या गावात होती, आता ती नदीकडे निघून गेली. गुरुजींनी पामूरला काय सांगितले ते मला माहीत नाही. तो त्यांच्याबरोबर गेला आणि त्यांच्यातला 'निवडलेला' झाला. निवडलेल्याने झाड तोडायचे नाही, धान्य कापायचे नाही, दळायचे नाही, चूल पेटवायची नाही, मांस-दारू नाही, बाईचा स्पर्श नाही, मग ती आई असली तरी. दिवसातून एकदा जेवायचे, तेही दुसऱ्याने करून आणलेले. मागे त्याचे वडील वारले. निरोप धाडला होता. तो आला नाही.

आता आला होता. तागोशे रडली नाही. ती लोलू गेल्यापासून कशालाच रडलेली नाही. कामे सगळी करते. पाणी आणते, दळते, मळते, शेळीची धार काढते. फक्त तिच्या भाकरीत कधी मीठ असते, कधी नसते. तिला कळत नाही, आणि मी बोलत नाही. शेजारची काम तेवढी बोलते. काम हे तिचे नाव, आणि जीभ तिची कधी गप्प नसते. "तागोशे, काल तुझी भाकर शेळीला घातली गं," ती कुंपणावरून म्हणायची, "शेळी उठली आणि भिंत चाटायला गेली." तागोशे ऐकायची आणि मान हलवायची, बाजारभाव ऐकल्यासारखी.

त्या दिवशी सूर्य कलल्यावर तिने पामूरपुढे ताट ठेवले. ताजी भाकर, एक काकडी, थोडे ऑलिव्हचे तेल. ती समोर भिंतीला टेकून बसली. मी दारात होतो. पामूरने मावळत्या सूर्याकडे तोंड केले, ओठ हलवले, मग भाकर दोन्ही हातांत घेतली आणि भाकरीशी बोलू लागला. आवाज हलका होता, पण घर लहान आहे.

"तुला शेतात मी कापलं नाही. तुला जात्यात मी भरडलं नाही. तुला मी मळलं नाही. तुला आगीत मी घातलं नाही. हे सगळं दुसऱ्यानं केलं आणि माझ्यापुढे आणलं. माझ्या हातांना दोष नाही."

तागोशेने विचारले, "दुसऱ्यानं म्हणजे कुणी?"

तो थांबला.

"पामूर, दुसऱ्यानं म्हणजे कुणी? मी इथं बसलेय."

"असं म्हणावं लागतं," तो म्हणाला. "त्याशिवाय खाता येत नाही."

ती उठली आणि भाकरीला हात घातला. तिची बोटे आपल्याला लागू नयेत म्हणून त्याने लगेच हात सोडले, त्यामुळे भाकर तिला सहज मिळाली. तिने ती टोपलीत ठेवली, वर फडके टाकले.

"हे शब्द म्हणणार असलास तर माझी भाकर नाही," ती म्हणाली. "शब्द न म्हणता खा. नाहीतर राहू दे."

"मग राहू दे," तो म्हणाला. रागाने नाही. त्याने काकडीही ताटातून बाजूला ठेवली, कारण तीही कुणीतरी तोडलेली होती.

दुसऱ्या दिवशी तसेच झाले, तिसऱ्या दिवशीही. तिने भाकर केली, पुढे ठेवली, तो शब्द म्हणू लागला, तिने भाकर उचलली. दोघांनीही आवाज चढवला नाही. मला वाटत होते की कुणीतरी ओरडावे. रोज संध्याकाळी ती भाकर शेळीला जायची. पामूर पाणी प्यायचा. त्याच्या अंगात ताप होता. मी ओल्या फडक्याने त्याचे तोंड पुसायचो, कारण तागोशेने हात लावायचा नव्हता. ती फडके भिजवून, पिळून माझ्याजवळ ठेवायची आणि दोन पावले मागे उभी राहायची.

एकदा तोंड पुसता पुसता मी त्याला विचारले, "हे कशासाठी रे? भाकर म्हणजे भाकर."

"मामा, तुम्ही वाचणारे आहात," तो म्हणाला. "तुम्हाला कळेल. उजेडाचा एक देश होता आणि अंधाराचा एक. अंधारानं उजेड गिळला. तो उजेड आता सगळीकडे अडकलाय. गव्हात, खरबुजात, मातीत, आपल्या हाडांत. विळा चालतो तेव्हा तो उजेड कापला जातो. त्याला दुखतं."

"गव्हाला?"

"गव्हातल्याला."

मी दर वर्षी उपासाच्या दिवसांत सृष्टीच्या निर्मितीचा पाठ वाचतो. देवाने एकेक गोष्ट केली आणि ती त्याला आवडली, असा तो पाठ आहे. वाचताना मला नेहमी बरे वाटते, पण ते का बरे वाटते हे मला कुणाला समजावता आलेले नाही.

"गहू देवानं केला," मी म्हणालो. "पाप असलंच तर ते माणूस करतो. गव्हाचा काय दोष आणि दळणाऱ्याचा काय दोष?"

"तुम्ही म्हणता पाप माणूस करतो. आमचे गुरुजी म्हणतात, पाप घरात वाळू येते तसं येतं. कुणी आणत नाही. दार बंद असलं तरी सकाळी अंथरुणावर असतेच."

"मग झाडायची."

"झाडतोच आहे," तो म्हणाला, आणि त्याच्या ओठांवर काहीतरी हलले. हसू असावे. मग तो म्हणाला, "मामा, लोलूचं शरीर तुमच्या देवाला आवडलं होतं का?"

आता विचार केला तर दोन-तीन उत्तरे सुचतात, पण ती पुस्तकातली आहेत. मी फडके पाण्यात बुडवले.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "तिनं भाकर उचलून घेतली, शब्द शेवटपर्यंत ऐकलेच नाहीत. पुढे अजून असतं. हात निर्दोष आहेत असं म्हटलं की ज्यानं भाकर केली त्याच्यासाठी क्षमा मागायची. त्याचं पाप सुटावं म्हणून. आम्ही तेवढंच देऊ शकतो."

ते मी तागोशेला सांगितले. ती जात्यापाशी बसली होती. जाते थांबले नाही.

"माफी? कशाची?"

"भाकर केल्याची."

"मी त्याला नऊ महिने पोटात वागवलं, त्याची पण मागतो का?"

"ते मी विचारलं नाही."

"विचारू नकोस, दादा. मागत असेल."

ती दळत राहिली. पीठ पडत राहिले. नंतर तिने ते चाळले, भिजवले आणि झाकून ठेवले. सगळे नेहमीसारखे.

मग मला एक गोष्ट सुचली. अंगणाच्या कडेला फिलामोनची खजुराची झाडे आहेत. फळ पिकले होते, वारे सुटले होते, आणि सकाळी झाडाखाली चार-सहा खजूर पडलेले असायचे. मी पामूरला विचारले, "आपोआप पडलेलं फळ असेल तर? कुणी तोडलं नाही, झाड हलवलं नाही, शिजवलं नाही. त्यावर ते शब्द लागतात का?"

तो बराच वेळ विचार करत होता. "नाही लागत," तो म्हणाला. "त्यात कुणाचा दोष नाही."

मला फार आनंद झाला. सांगायला संकोच वाटतो, पण मी घरात दोन फेऱ्या मारल्या. मला वाटले, इतक्या पुस्तकांत जे सापडले नाही ते मला झाडाखाली सापडले. तागोशे त्याला आपल्या हाताने खायला देईल, तो शब्द म्हणणार नाही, दोघांचेही म्हणणे राहील. मी तिला सांगितले. तिने ऐकून घेतले, फिलामोनकडे जाऊन त्याची परवानगी घेतली आणि फडके घेऊन झाडाखाली जाऊन बसली.

ती तिथे दिवसभर बसायची. झाडाला पाठसुद्धा टेकायची नाही, हलायला नको म्हणून. वारा आला की एखादा खजूर टपकायचा. ती उठायची, उचलायची, माती पुसायची, फडक्यात ठेवायची, परत बसायची.

काम कुंपणावरून बघायची. "अगं ए, आता काय खजुराला पाळणा बांधलास का? ढकल की जरा झाड! तुझा मुलगा बघत नाहीये!"

"मला कळेल ना," तागोशे म्हणाली.

"कुणाला सांगू नकोस म्हणजे झालं."

"त्याला खोटं खायला नाही घालायचं, काम."

काम फडक्यातल्या खजुरांकडे बघत म्हणाली, "माझ्याकडच्या खालच्या झाडाखाली पण पडतात. ते घे. मी शपथ घेते, मी हात लावला नाही," आणि निघून गेली. संध्याकाळी कुंपणावर ओंजळभर खजूर ठेवलेले असायचे. ते खरेच पडलेले होते की नाही हे कामलाच ठाऊक.

पामूर ते खजूर खायचा. सूर्याकडे तोंड करायचा, ओठ हलवायचा, आणि मग न बोलता एकेक खजूर तोंडात घालायचा. तागोशे भिंतीला टेकून बघायची. तीन-चार संध्याकाळी अशा गेल्या. त्याचा ताप उतरला नाही, पण तो उठून बसू लागला. मी खुशीत होतो.

पाचव्या किंवा सहाव्या संध्याकाळी त्याचे खाणे झाल्यावर ती माझ्यामागे अंगणात आली.

"आज काही म्हणाला का?"

"नाही. म्हणायची गरजच नाही, तेच तर..."

"मला काही म्हणाला का?"

मी आठवून पाहिले. तो आल्यापासून त्याने तिला कशानेच हाक मारली नव्हती. "नाही," मी म्हणालो.

"आधी मी पापी होते," ती म्हणाली. "आता मी वारा झालेय. वाऱ्यानं खजूर पाडले, मी आणून ठेवले. माझ्या जागी गाढव असतं तरी चाललं असतं. त्या शब्दांत निदान कुणीतरी होतं, दादा. 'दुसऱ्यानं केलं' असं तरी होतं."

ती शांतपणे बोलत होती, मागाचा धागा तुटला की कुठे तुटला ते सांगतात तशी. माझा सगळा आनंद मला ओशाळवाणा वाटू लागला.

त्याच आठवड्यात आपा कापितोन आले. ते आमचे याजक, सगळे त्यांना आपा म्हणतात. शरीराने जड आहेत, चालले की धापा टाकतात. आल्या आल्या ते ओट्यावर बसले आणि पाणी मागितले. तागोशेने दिले.

"रविवारी तुझी पाळी आहे," ते तिला म्हणाले. आमच्याकडे अर्पणाची भाकर बायका पाळीने करतात. ज्या दिवशी जिची भाकर असेल त्या दिवशी मी तिचे नाव वाचतो, आणि मग सगळे उत्तर देतात. "पीठ चाळलंस?"

"चाळलंय."

आपांनी आतल्या दाराकडे पाहिले. पामूर आत निजला होता. "खातो का?"

"पडलेले खजूर खातो," मी म्हणालो.

"ऐकलं. गाव हसतंय. हसू दे, खजूर खाऊ दे." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "हात्रे, तू वाचलेला माणूस आहेस, माझ्यापेक्षा तुला जास्त कळतं. पण मला एवढं कळतं की आपला प्रभू देह घेऊन आला, लोकांबरोबर जेवला, त्याला भूक लागत होती. आणि ही माणसं म्हणतात देह म्हणजे तुरुंग आणि भाकर म्हणजे खून. बिशपांनी सगळ्या गावांना सांगितलंय. ते शब्द म्हणू देऊन जो भाकर देईल तो त्या शब्दांत सामील. त्याच्या हातची भाकर वेदीवर घ्यायची नाही आणि वेदीवरची त्याला द्यायची नाही. तागोशे, मी हे तुला ओरडून सांगत नाहीये."

"मी अजून दिली नाही, आपा."

"माहीत आहे मला. म्हणून आधी सांगायला आलो."

"तो मेला तर त्याला आपल्यात पुराल?"

आपांनी पाण्याचे भांडे खाली ठेवले. नंतर म्हणाले, "त्याला स्वतःलाच ते शरीर नकोय, बाई."

"मला हवंय," तागोशे म्हणाली.

आपांनी डोळे पुसले. त्यांचे डोळे वाऱ्याने नेहमीच वाहतात, त्यामुळे नक्की सांगता येत नाही. ते उठले, मला हात दिला, आणि दारातून आत न पाहता गेले.

दुसऱ्या दिवशी वारा पडला. त्याच्या पुढच्या दिवशी फिलामोनची माणसे दोर आणि विळे घेऊन आली, झाडांवर चढली, घोस कापले आणि खाली सोडले. फिलामोन म्हणाला, "तागोशे, मला थांबता येत नाही गं, गिऱ्हाईक ठरलंय. एक घोस तुला ठेवू का?"

"नको," ती म्हणाली. "तोडलेला आहे."

कामच्या झाडाचेही संपले. आमच्या घरात आता धान्य, तेल आणि डाळ होती, आणि जे काही होते ते सगळे कुणीतरी कापलेले, दळलेले, पिळलेले होते. पामूर पुन्हा पाण्यावर आला. तिसऱ्या दिवशी त्याला उठून बसता येईना. सूर्य कलला की तो भिंतीच्या आधाराने तोंड पश्चिमेकडे वळवायचा, तेवढेच. माझ्या हाताला त्याच्या पाठीची हाडे लागत होती. मला ती लोलूच्या पाठीसारखी लागली. हे मी तागोशेला सांगितले नाही. ती दोन पावलांवर उभी होती आणि तिला दिसत होते.

शनिवारी सकाळी तिने पीठ मळले. मी पाहिले तर पीठ एकाच भाकरीचे होते. शनिवारी तिने दोन भाकरींचे मळायला हवे होते, एक उद्याच्या अर्पणाची आणि एक घरची.

"उद्याची?" मी विचारले.

"उद्याची काम करेल. मी तिला सांगितलंय."

"आपांना काय सांगू?"

"सांगू नकोस. त्यांना कळेल."

मी आत जाऊन बसलो. मला तिला थांबवावेसे वाटले नाही आणि 'कर' असेही म्हणावेसे वाटले नाही. मी उद्याचा पाठ काढला आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिलो. ती कुठली होती ते आठवत नाही.

सूर्य कलला. तिने ताट ठेवले. एकच भाकर. ती नेहमीच्या जागी भिंतीला टेकून बसली नाही. ती त्याच्यासमोर बसली, मध्ये ताट, हात मांडीखाली घेऊन, म्हणजे तो चुकून पुढे झुकला तरी तिचा हात लागायला नको. मी त्याला मागून धरले होते.

"म्हण," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिले.

"म्हण तुझे शब्द. मी उचलणार नाही."

त्याने भाकर उचलली. ती त्याच्या हातात स्थिर राहीना, म्हणून त्याने ती मांडीवर टेकवली.

"तुला शेतात मी कापलं नाही," तो म्हणाला.

"मी कापलं," तागोशे म्हणाली.

तो थांबला. त्याला वाटले असावे की तिने पुन्हा अडवले. पण ती हलली नाही. तिचा आवाज चर्चमध्ये उत्तर देताना असतो तसा होता, ना मोठा ना लहान.

"तुला जात्यात मी भरडलं नाही."

"मी भरडलं."

"तुला मी मळलं नाही."

"मी मळलं."

"तुला आगीत मी घातलं नाही."

"मी घातलं. माझं बोटही भाजलं."

तो पुन्हा थांबला. पुढची ओळ 'दुसऱ्यानं केलं' ही होती. मला त्याची छाती माझ्या हाताखाली वर-खाली होताना कळत होती. अंगणात कामची शेळी ओरडली.

"हे सगळं दुसऱ्यानं केलं," तो म्हणाला, "आणि माझ्यापुढे आणलं."

"मी केलं आणि मी आणलं. मी तागोशे. तुझी आई."

"माझ्या हातांना दोष नाही."

"नाही," ती म्हणाली. "तुझ्या हातांना नाही. खा."

त्याने भाकर मोडली. पण तोंडात घालण्याआधी तो म्हणाला, "अजून एक राहिलंय. ज्यानं हे केलं त्याला क्षमा..."

"ते नको."

"ते म्हणावं लागतं."

"मला माफी नकोय, पामूर. तुझ्या उजेडाला दुखलं असेल तर दुखलं. मी उद्या पण दळणार आहे, परवा पण. माफीचं तू तुझ्या मनात म्हण, मला ऐकवू नकोस."

त्याचे ओठ हलले. काय म्हणाला ते आम्हाला ऐकू आले नाही. मग त्याने तुकडा तोंडात घातला. चावायला त्याला फार वेळ लागला. आम्ही दोघे बघत होतो. गिळताना त्याचा कंठ वर गेला आणि खाली आला. त्याने दुसरा तुकडा मोडला, तो हातात धरला आणि तसाच राहिला.

"काय झालं?" तागोशेने विचारले.

तो बोलेना. मला वाटले त्याला पोटात कळ आली. निवडलेल्याने चवीकडे लक्ष द्यायचे नसते, हे मला नंतर कळले. चव म्हणजे शरीराची, आणि शरीर म्हणजे अंधाराचे. तो जे म्हणाला ते म्हणायला त्याला इतका वेळ का लागला ते तेव्हा मला समजले नव्हते.

"मीठ नाही," तो म्हणाला.

तागोशेने त्याच्या हातातल्या तुकड्याकडे पाहिले. "नाही?"

"नाही."

लहानपणी तो हे रोज म्हणायचा. मागावरून उठून यायचा, पहिला घास घ्यायचा आणि म्हणायचा, आणि ती म्हणायची, तुझी जीभच खारट आहे. हे मला तेव्हाच आठवले नाही, नंतर आठवले.

ती उठली. कोपऱ्यातल्या मडक्यात हात घातला, चिमूट आणली, आणि त्याच्या हातावर न देता ताटाच्या कडेवर ठेवली. मग ती परत बसली. पामूर मिठाकडे बघत राहिला. मिठासाठी त्यांच्याकडे वेगळे शब्द असतात की नाही ते मी विचारले नाही. त्याने काही म्हटले नाही. त्याने तुकडा मिठाला लावला आणि खाल्ला.

अर्धी भाकर उरली, ती तिने झाकून ठेवली. शेळीला घातली नाही.

रविवारी मी पाठ वाचला. मग नावे वाचली. कामचे वाचले, ज्यांनी तेल दिले त्यांची वाचली. पुढचे नाव येण्याआधी मी थोडा थांबलो, पण तिथे नाव नव्हते, म्हणून पुढे गेलो. तागोशे मागे दाराशी उभी होती. भाकर वाटली तेव्हा आपा कापितोन तिच्याजवळून गेले आणि थांबले नाहीत. ती बाजूला सरकली, त्यांना जायला जागा व्हावी म्हणून. कामने केलेली भाकर फार खारट होती. बाहेर आल्यावर ती कुणाला तरी सांगत होती, "घाईत दोनदा मीठ पडलं गं, काय करू."

मी घरी आलो तेव्हा पामूर झोपला होता. त्याचे अंग अजून तापलेले होते. तागोशे माझ्याआधीच पोचली होती आणि परातीत हात घालून बसली होती.

"मीठ घातलंस?" मी विचारले.

ती थांबली. बोटाने थोडे पीठ काढून जिभेवर ठेवले.

"घातलंय," ती म्हणाली, आणि मळत राहिली.